हिंवताप आणि रक्ताचा थेंब

भाद्रपद सरत आला कीं पुष्कळ घरांत एक ठराविक प्रसंग घडतो. दुपारीं कोणाला तरी एकाएकीं थंडी वाजूं लागते. दोन रजया घातल्या, वर घोंगडी टाकली, तरी दांत वाजायचे थांबत नाहींत. तासाभरानें थंडी जाते आणि अंग भाजूं लागतें. संध्याकाळीं दरदरून घाम सुटतो आणि रोगी दमून झोपीं जातो. दुसऱ्या दिवशीं तो उठून हिंडूं-फिरूं लागतो, घरांतलीं माणसें हुश्श करतात, आणि तिसऱ्या दिवशीं बरोबर त्याच सुमारास पुन्हां थंडी! मग आजीबाई सांगतात, "हा एकांतरा आहे." शेजारचे गृहस्थ सांगतात, "हवा बदलली आहे, दुसरें कांहीं नाहीं." आणि घरांतील कर्ता पुरुष गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या फडताळांत शोधूं लागतो. या मंडळींत खरें कोण बोलतें आहे हें ठरविण्याचें साधन रोग्याच्या बोटाच्या टोकाशींच असतें. रक्ताचा एक थेंब आणि कांचेची एक पट्टी. त्या साधनाची हकीकत हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ताप लक्षणांवरून ओळखण्याची विद्या फार जुनी आहे. आयुर्वेदांत विषमज्वराचे भेद सांगतांना रोज येणारा तो अन्येद्युष्क, एक दिवस आड येणारा तो तृतीयक आणि दोन दिवस आड येणारा तो चातुर्थक, अशीं नांवें दिलीं आहेत. ग्रीक वैद्यांनींहि अशाच पाळ्या नोंदून ठेविल्या होत्या. (पुढें मराठींत 'विषमज्वर' हा शब्द टायफॉइडला चिकटला आणि त्यापायीं बराच घोटाळा माजला, ती गोष्ट वेगळी.) युरोपांत सिंकोना झाडाची साल येऊन पोंचल्यावर आणखी एक कसोटी हातीं आली. मोडेना येथील फ्रान्सेस्को टोर्टी या वैद्यानें १७१२ सालच्या आपल्या ग्रंथांत, या सालीनें हटणारे ताप आणि न हटणारे ताप असा भेद करून दाखविला. म्हणजे औषध द्यावयाचें, आणि गुण आला तर रोग कोणता तें समजावयाचें! फडताळांतल्या गोळ्या शोधणारा गृहस्थ नकळत याच टोर्टीचा शिष्य असतो. फरक इतकाच कीं टोर्टीपाशीं दुसरा उपाय नव्हता.

या कसोटीवर विसंबतां येत नाहीं. डेंग्यूचा ताप पांचसहा दिवसांनीं आपोआप उतरतो आणि त्याचें श्रेय फुकट गोळीला मिळतें. उलट, हिंवतापाचा जो सर्वांत घातक प्रकार, त्याला कित्येकदां नियमित पाळीच नसते. ताप दिवसभर चढउतार करीत राहतो, आणि पाळीची वाट पाहणारा मनुष्य वाट पाहतां पाहतां बेशुद्ध होतो. खोकला, उलटी, जुलाब, कावीळ यांपैकीं कोणताहि वेष घेऊन हा रोग येऊं शकतो.

या रोगाचें मूळ प्रथम पाहिलें तें एका फ्रेंच लष्करी डॉक्टरानें. आल्फोन्स लाव्हरां हा अल्जीरियांतील कॉन्स्टन्टीन येथील लष्करी रुग्णालयांत काम करीत असे. हिंवतापानें मेलेल्या माणसांच्या प्लीहेंत व मेंदूंत एक काळसर रंगद्रव्य सांपडतें हें वैद्यांना तीस वर्षांहून अधिक काळ माहीत होतें. तें येतें कोठून हें कोणाला माहीत नव्हतें. ६ नोव्हेंबर १८८० रोजीं लाव्हरां तापानें आजारी असलेल्या एका शिपायाचें ताजें रक्त पाहत होता. रक्तकणांमध्यें काळे ठिपके असलेला एक वाटोळा पदार्थ त्याला दिसला, आणि पाहतां पाहतां त्याच्या कडेनें बारीक चाबकासारखे तंतु बाहेर पडून जोरानें वळवळूं लागले. आजूबाजूचे रक्तकण त्या धक्क्यांनीं हलत होते. निर्जीव वस्तु अशी वळवळत नाहीं.

त्या दृश्याचा अर्थ पुढें पुष्कळ वर्षांनीं उलगडला. डांसानें रक्त शोषल्यावर त्याच्या पोटांत या जंतूंचा जो नर-मादी विवाहसोहळा व्हावयाचा, त्याचा पहिला विधि कांचेवरच उरकला गेला होता. कारण शरीराबाहेर येऊन थंड झालेलें रक्त आणि डांसाच्या पोटांतलें रक्त यांतला फरक त्या बिचाऱ्या जंतूला कळला नाहीं. लाव्हरांला तरी तो कोठून कळावा? पण हा सजीव प्राणी आहे आणि तोच रोगाचें कारण आहे, एवढें त्यानें बरोबर ताडलें. लोकांचा त्यावर विश्वास बसला नाहीं. आदल्याच वर्षीं, १८७९ मध्यें, क्लेब्स आणि टोमासी-क्रुडेली या दोघांनीं रोमजवळच्या दलदलींतून हिंवतापाचा 'बॅसिलस' शोधून काढल्याचें जाहीर केलें होतें, आणि विद्वानांची दृष्टि चिखलावर खिळली होती. रोनाल्ड रॉस यालासुद्धां हिंदुस्थानांत शोधूनहि हे जंतु दिसले नव्हते व लाव्हरांचें म्हणणें त्याला खरें वाटत नव्हतें. १८९४ सालीं लंडनमध्यें पॅट्रिक मॅन्सननें त्याला सूक्ष्मदर्शकापाशीं बसवून ते दाखविले. त्यानंतर तीनच वर्षांनीं, २० ऑगस्ट १८९७ रोजीं, सिकंदराबादेस रॉसला डांसाच्या पोटाच्या भिंतींत तेंच काळें रंगद्रव्य सांपडलें. प्रत्यक्ष कोणी दाखविल्याखेरीज दिसत नाहीं, असा या परीक्षेचा स्वभाव तेव्हांपासून आहे.

दिसत नाहीं याचें कारण सोपें आहे. हा जंतु जवळजवळ पारदर्शक असतो आणि तो पारदर्शक अशा तांबड्या रक्तकणाच्या आंत दडून बसतो. त्याला रंग चढविणें हाच उपाय. १८९१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें दिमित्री रोमानोव्स्की यानें मिथिलीन ब्लू हा निळा रंग आणि इओसिन हा तांबडा रंग एकत्र केला. निळ्या-तांबड्यांच्या संयोगानें एक तिसराच रंग उत्पन्न झाला. जंतूचें शरीर निळें झालें, पण त्याचें केंद्र जांभळट तांबडें होऊन उठून दिसूं लागलें. गंमत अशी कीं मिथिलीन ब्लूचें द्रावण ताजें असलें तर ही किमया होत नाहीं. लोणच्याप्रमाणें तें मुरावें लागतें. मुरतांना त्यांत जीं नवीन द्रव्यें तयार होतात तीं केंद्राला रंगवितात. साहजिकच एकाची बाटली चांगली उतरे, दुसऱ्याची वायां जाई. हॅम्बुर्गचा रसायनज्ञ गुस्टाव्ह गीम्सा यानें १९०४ सालीं तीं द्रव्यें मापानें घेऊन, ग्लिसरीन व मिथिल अल्कोहोल यांत टिकेल असा रंग सिद्ध केला, आणि मुरण्यावरचें अवलंबन संपविलें. काळ्या आजाराच्या जंतूमुळें ज्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे त्या लीशमननेंहि १९०१ सालीं असाच एक रंग काढला होता. भारतांतील सरकारी प्रयोगशाळांत मात्र पुष्कळ काळ चालला तो जे.एस.बी. नांवाचा रंग. १९४४ सालीं जसवंत सिंग व भट्टाचार्जी यांनीं तो तयार केला. स्वस्त, झटपट आणि उष्ण हवेंत न रुसणारा, असें त्याचें वर्णन करतां येईल.

आतां प्रत्यक्ष कृति. डाव्या हाताची अनामिका स्पिरिटानें पुसतात. तान्ह्या मुलाची टांच किंवा पायाचा आंगठा. स्पिरिट पुरतें वाळूं द्यावें लागतें. टोचल्यावर आलेला पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब कांचेवर घेतात. एकाच पट्टीवर दोन थर करतात, एक जाड आणि एक पातळ. जाड थर म्हणजे दोनतीन थेंब कोपऱ्यानें घोळवून केलेलें, नव्या रुपयाहून लहान असें वर्तुळ. त्याखालीं वर्तमानपत्र धरलें तर अक्षरें जेमतेम वाचतां यावींत, ही त्याच्या जाडीची खूण. पातळ थरासाठीं थेंबाला दुसऱ्या पट्टीची कड टेकवून ती तिरकी धरून झर्रकन् पुढें नेतात; रक्त जिभेच्या आकारानें पसरतें आणि जिभेच्या टोकाशीं रक्तकणांची एकच ओळ उरते. पट्टी वाळतांना तिच्यावर माशा बसूं देऊं नयेत, झुरळांनाहि दूर ठेवावें. हे पाहुणे सबंध पुरावा चाटून जातात. वाळल्यावर पातळ थरावरच साध्या पेन्सिलीनें रोग्याचा क्रमांक लिहितात. पेन्सिलीचें अक्षर रंगांत जात नाहीं, शाईचें जातें.

दोन थर कशाला, असें विचारणें रास्त आहे. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत सुमारें पन्नास लाख तांबडे रक्तकण असतात. त्यांत शंभर जंतु असले तर प्रमाण पडतें पन्नास हजारांत एक, आणि एवढ्या जंतूंनींहि माणूस तापानें फणफणूं शकतो. पातळ थरांत भिंगाखालीं एका वेळीं दोनशेंच्या आसपास रक्तकण दिसतात. म्हणजे एक जंतु दिसावयास अडीचशें वेळां पट्टी सरकवावी लागेल, आणि तेहि नशीब चांगलें असेल तर. जाड थरांत रक्तकणांवर रक्तकण रचलेले असतात. हा थर अल्कोहोलनें पक्का न करतां तसाच पाण्यांतल्या रंगांत बुडविला कीं तांबड्या कणांतला रंग धुऊन जातो, कण विरघळतात, आणि मागें राहतात पांढऱ्या पेशी व जंतु. जंतु आहे कीं नाहीं हें जाड थर सांगतो. तो कोणत्या जातीचा हें पातळ थर सांगतो, कारण तेथें रक्तकण शाबूत राहिलेले असतात. म्हणून पातळ थराला अल्कोहोल लावतांना त्याचा ओघळ जाड थरावर गेला तर सगळा खटाटोप फुकट. बरेच दिवस उन्हाच्या झळांत पडून राहिलेली पट्टीहि अशीच आपोआप पक्की होऊन बसते, आणि मग तिच्यांतून धड कांहीं वाचतां येत नाहीं. रंगाचें पाणीसुद्धां नेमक्या गुणाचें लागतें. किंचित् आम्ल झालें तरी नाजूक खुणा उमटत नाहींत.

यानंतर सुरू होतो तो खरा जिकिरीचा भाग. पट्टीवर तेलाचा थेंब टाकून, वस्तु हजारपट मोठी दिसेल अशा भिंगानें तंत्रज्ञ पाहूं लागतो. जाड थराचीं निदान शंभर क्षेत्रें पाहिल्याखेरीज "जंतु नाहींत" असें लिहूं नये असा नियम आहे. शंभर क्षेत्रें म्हणजे पट्टी शंभरदां सरकविणें आणि प्रत्येक वेळीं वरखालीं फिरवून दृष्टि जुळविणें. रक्तांतल्या बिंबिका, रंगाचे साके, कांचेवरचे ओरखडे हे सारे जंतूचें सोंग घेतात. दुपारच्या चाळिसाव्या पट्टीला डोळे शिणलेले असतात, आणि नेमक्या त्याच पट्टीवर एकादें नाजूक कडें सत्त्याण्णवाव्या क्षेत्रांत बसलेलें असूं शकतें. निष्णात मनुष्य घन मिलिमीटरांत दहा जंतु असले तरी पकडतो. सर्वसाधारण प्रयोगशाळेंत पन्नास ते शंभर असावे लागतात. जंतूंची मोजदाद करतांना दोनशें पांढऱ्या पेशींमागें किती जंतु आढळले तें मोजतात आणि त्या संख्येला चाळीसनें गुणतात, कारण घन मिलिमीटरांत पांढऱ्या पेशी सरासरी आठ हजार धरल्या आहेत.

जातींमध्यें व्हायवॅक्स ही सभ्य दिसते. तिनें पछाडलेला रक्तकण फुगतो, त्यावर बारीक गुलाबी ठिपके उठतात, आणि आंतला जंतु अमीबासारखे वेडेवांकडे आकार घेतो. मलेरिया ह्याच नांवावरून जिचें मलेरिये असें नांव पडलें ती जात कणाच्या मधोमध पट्ट्यासारखी आडवी पसरते; चातुर्थक ताप तिचाच. फाल्सिपेरम ही तिसरी, आणि भीति आहे ती तिची. रक्तांत तिचीं फक्त कोंवळीं कडीं दिसतात, लहान, पातळ, एकेका कणांत दोन-दोन. शिवाय कधीं केळ्याच्या आकाराचीं चंद्रकोरीसारखीं रूपें. मधल्या वाढलेल्या अवस्था कोठें जातात? त्या मेंदू, मूत्रपिंड वगैरेंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात आणि वाहता प्रवाह अडवितात. रोग्याचा मेंदु कोंडला जात असतां त्याच्या बोटांतील रक्तांत मोजकीच कडीं सांपडावींत, असें होऊं शकतें.

ह्यावरून एका पट्टीच्या नकाराची किंमत किती, हें कळून येईल. पहिल्या वेळीं जंतु दिसले नाहींत आणि संशय कायम असला तर बारा ते चोवीस तासांनीं पुन्हां, असें तीन वेळां रक्त पहावें लागतें. थंडी भरण्याची वाट पाहत बसण्याचें मुळींच कारण नाहीं; रक्त कोणत्याहि वेळीं घेतां येतें. मात्र तें औषधाची पहिली गोळी पोटांत जाण्यापूर्वीं घ्यावें. फडताळांतल्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनीं रोग हटत नाहीं, फक्त रक्तांतले जंतु विरळ होतात. आणि मग तंत्रज्ञ प्रामाणिकपणें "जंतु नाहींत" असें लिहून देतो.

या कांचपट्टीवर एका सबंध देशानें आपली मोहीम उभारली होती. १९४७ च्या सुमारास भारतांत दरवर्षीं साडेसात कोटि लोकांना हिंवताप होई व आठ लक्ष मरत, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ सालीं त्याचें रूपांतर निर्मूलनाच्या कार्यक्रमांत झालें. डी.डी.टी.ची फवारणी सर्वांना आठवते, पण पंधरा पंधरा दिवसांनीं दारोदार जाऊन "कोणाला ताप आहे का?" असें विचारणारा, बोट टोचून पट्टी घेणारा कर्मचारी तितकाच महत्त्वाचा होता. १९६१ सालीं रोग्यांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास उतरली. नंतर घडी विस्कटली, आणि १९७६ सालीं ती चौसष्ट लाखांवर गेली. कारणें अनेक होतीं : डी.डी.टी.ला न जुमानणारे डांस, क्लोरोक्विनला न जुमानणारे जंतु, ढिलाई, पैशाची टंचाई. त्यांत तुंबलेल्या कांचपट्ट्या हेंहि एक होतें. रक्त आज घ्यावें आणि उत्तर कांहीं आठवड्यांनीं यावें, असें झालें कीं मधल्या काळांत तो रोगी गांवांतल्या डांसांना जेवण घालीत असतो.

हा विलंब तोडण्यासाठीं १९९० नंतरच्या दशकांत एक नवें साधन आलें. बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पेटी, तिच्यांत कागदासारखी पट्टी. एका टोकाला रक्ताचा इवलासा थेंब आणि द्रावणाचे दोनचार थेंब टाकले कीं रक्त पट्टीवरून सरकत जातें. वाटेंत जंतूनें रक्तांत सोडलेलें प्रथिन असेल तर तें तेथें बसविलेल्या प्रतिपिंडांत अडकतें आणि रंगीत रेघ उमटते. पंधरावीस मिनिटांत निकाल. वीज नको, भिंग नको. पावसाळ्यांत नाले भरून वाटा बंद झालेल्या गडचिरोलीच्या जंगलांतील गांवाला ह्या वीस मिनिटांचें मोल कळतें. महाराष्ट्रांतला फाल्सिपेरम प्रामुख्यानें त्याच भागांत आढळत आला आहे, आणि तेथें आशा सेविका ही पेटी घेऊन रोग्याच्या ओटीवर येऊन बसूं शकते.

तरी ह्या रेघेचेहि रुसवे-फुगवे आहेत. फाल्सिपेरमचें जें प्रथिन ती शोधते, तें जंतु मेल्यावरहि कित्येक आठवडे रक्तांत रेंगाळतें. त्यामुळें बरा झालेला मनुष्य पट्टीच्या दृष्टीनें आजारीच राहतो, आणि औषध लागू पडलें कीं नाहीं हें पहावयास पुन्हां सूक्ष्मदर्शकाकडे वळावें लागतें. आणखी विलक्षण गोष्ट म्हणजे, तें प्रथिन मुळींच न बनविणारे जंतु २०१० सालीं पेरू देशांतील अ‍ॅमेझॉनच्या प्रदेशांतून नोंदले गेले, आणि पुढें आफ्रिकेंतील एरिट्रियासारख्या देशांतहि सांपडले. चोरानें आपल्या बोटांचे ठसेच पुसून टाकावे, तसा हा प्रकार. हिंवतापाच्या लढ्यांत असा डाव कोणी योजिला नव्हता, पण तो पडला खरा.

ठसे पुसले तरी वंश पुसतां येत नाहीं. जंतूच्या डी.एन.ए.चा एकादा तुकडा नळींत लाखों पटींनीं वाढवून ओळखण्याची पी.सी.आर. ही रीत सर्वांत सूक्ष्म आहे. तिला महागडें यंत्र लागतें व कित्येक तास लागतात, म्हणून तापानें फणफणलेल्या रोग्याच्या उशाशीं तिचा उपयोग थोडा. पण तिनें एक मोठी चूक उघडकीस आणली. मलेशियाच्या सारावाक प्रांतांतील कापित भागांत वर्षानुवर्षें कांचपट्ट्यांवर मलेरिये जातीचे जंतु म्हणून नोंद होत होती. ही जात सौम्य, पण रोगी मात्र नेहमींपेक्षां अधिक आजारी पडत. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्यांच्या रक्ताचा डी.एन.ए. तपासला तेव्हां तो निघाला नोलेसी जातीचा, म्हणजे माकडांच्या हिंवतापाचा. दिसण्यांत दोघे जुळे भाऊ. पण नोलेसी दर चोवीस तासांनीं पिढी वाढवितो आणि थोड्या दिवसांत प्राणावर बेतूं शकतो. तंत्रज्ञांच्या डोळ्यांचा त्यांत दोष नव्हता.

एका ठिकाणीं मात्र कांचपट्टी, रंगीत रेघ आणि पी.सी.आर. तिघींचाहि इलाज खुंटतो. व्हायवॅक्सचे कांहीं जंतु डांसानें चावल्यावर यकृतांत शिरून तेथेंच निद्रिस्त पडून राहतात. ताप उतरलेला असतो, रक्त स्वच्छ असतें, आणि आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं ते जागे होऊन पुन्हां थंडी आणतात. रक्ताच्या थेंबांत ते नसतातच, मग सांपडणार कोठून? म्हणून व्हायवॅक्सची पट्टी एकदां होकारार्थी आली कीं, ते तेथें असतीलच असें धरून प्रायमाक्विन हें औषध चौदा दिवस देण्याची रीत आहे. गर्भवती स्त्रीला व तान्ह्या मुलाला तें देत नाहींत. आणि कांहीं कुटुंबांत जन्मतःच जी-सिक्स-पी-डी या नांवाच्या द्रव्याची उणीव असते. त्यांच्या तांबड्या कणांचा या औषधानें चुराडा होऊं शकतो. तेव्हां सोय असेल तेथें औषधाआधीं प्रयोगशाळेकडे आणखी एक प्रश्न पाठविला जातो, आणि त्यासाठीं लागतो पुन्हां रक्ताचा एक थेंबच.